टाकीला लावलेला कान

त्या शेडमध्ये पाऊल टाकणाऱ्या नव्या माणसाला आधी खोकला येई आणि मग कानसेन दिसे. खोकला अ‍ॅसिडच्या वाफेचा. आणि कानसेन म्हणजे टाकीशी ओणवा झालेला, पांढऱ्या मिशांचा, काडीसारखा माणूस. हातभर लाकडी काठीचं एक टोक टाकीच्या काठाला टेकवलेलं, दुसरं उजव्या कानात, डोळे मिटलेले. पाहणाऱ्याला वाटावं, टाकीला ताप आलाय आणि हा तिची छाती तपासतोय.

शेड होती लोखंडावर जस्ताचा मुलामा चढवण्याची. कड्या, बिजागऱ्या, स्प्रिंगा गंजून येत आणि चांदीचं सोंग घेऊन परत जात. पण गंजावर जस्त धरत नाही, म्हणून आधी मालाला अ‍ॅसिडची आंघोळ घालावी लागे. आता अ‍ॅसिड हा काही शहाणा पाहुणा नव्हे. त्याला गंज वाढला तर तो गंज खातो, आणि गंज संपला म्हणून पानावरून उठत नाही. खालचं चांगलं लोखंडही खायला बसतो. तेव्हा माल बाहेर कधी काढायचा, यातच सगळी विद्या. लवकर काढला तर गंज उरतो, उशिरा काढला तर लोखंड खरवडल्यासारखं होतं.

टाकीत डोकावून काही कळायची सोय नव्हती. अ‍ॅसिड गडद हिरवं, आणि वाफ दाबून ठेवायला वर फेसाची जाड गोधडी. म्हणून कान. गंज जात असताना अ‍ॅसिड गप्प असतं. गंज म्हणजे हवापाण्यानं आधीच जीव घेतलेलं लोखंड. तो विरघळतो, हूं नाही की चूं नाही. अ‍ॅसिडचा दात उघड्या लोखंडाला लागला, की मात्र बारीक बारीक बुडबुडे सुटतात, आणि काठीतून ऐकू येतं ते चुर्र. तव्यावर पाण्याचे थेंब शिंपडावेत, पण लांब, शेजारच्या घरात, तसं.

"गंज निमूट जातो," कानसेन सांगायचा, "लोखंड बोंब मारतं. पहिली बोंब ऐकली की काढायचं. दुसरी ऐकायची नाही."

मालक मोठ्या गिऱ्हाइकांना मुद्दाम त्याच्या टाकीपाशी आणत. मग कानसेन काठी नेहमीपेक्षा सावकाश पुसायचा, कानात घालायचा, डावा हात वर करून साऱ्या शेडला गप्प करायचा. पंखा बंद. बोलणं बंद. वर साखळीला हात घालून उभे असलेले दोघं दगडासारखे. आणि मग, सगळ्यांचा श्वास अडकलेला असताना, तो नुसतं बोट खाली करायचा. साखळी खडखडायची, जाळी वर यायची आणि अ‍ॅसिड निथळणारा करडा, स्वच्छ माल दिसायचा. गिऱ्हाईक "वा" म्हणायचं. कानसेन हसताना तोंडावर हात धरायचा, कारण वाफेनं त्याचे पुढचे दात झिजून तांदळाच्या कणीएवढे उरले होते. पण हसायचा. त्याच्या आयुष्यात टाळी मिळायची ती एवढी एकच जागा.

घरी कौतुक करणारं कोणी नव्हतं. बायको त्याचे शर्ट उजेडात धरून म्हणायची, "अहो, यात कापड कुठलं आणि भोकं कुठली ते तुम्हीच दाखवा. ठिगळ तरी कशाला लावू?"

"भोकांना लाव."

"मग नवा शर्टच होईल की तो."

शेडमध्ये त्याचा जोडीदार एकच, वकील. दिवसभरात मोजून चार शब्द बोलायचा म्हणून त्याचं नाव वकील. अ‍ॅसिड पातळ करणं, टाक्या भरणं, जुनं थकलेलं अ‍ॅसिड काढणं हे त्याचं काम. नव्या माणसाला तो एकच वाक्य शिकवायचा: "पाण्यात अ‍ॅसिड ओत, अ‍ॅसिडमध्ये पाणी नाही." ऐकलं तर ठीक. नाही ऐकलं तर उसळलेले शिंतोडे पुढचं शिकवायचे.

दोघांची लग्नं त्या शेडमध्ये असतानाच झाली, केसही तिथेच पिकले. दुपारी मागच्या भिंतीला टेकून ते चहा प्यायचे. कानसेननं बोलायचं, वकिलानं ऐकायचं. एकदा वकिलाच्या मनगटातलं तांब्याचं काळवंडलेलं कडं टाकीत पडलं. चिमट्यानं बाहेर काढलं तर काळेपणा तेवढा गेलेला, कडं आहे तसं, उलट लालबुंद. लोखंडाला खाणारं अ‍ॅसिड तांब्याच्या वाटेला जात नाही. त्याच्या अंगावरची काजळी तेवढी उतरवतं.

"तूही तांब्याचाच रे," कानसेन म्हणाला. "तुला काही म्हणा, काही होत नाही."

वकिलानं कडं पुसलं आणि परत हातात चढवलं.

मग एका वर्षी अ‍ॅसिड बिघडलं. निदान कानसेनची तशी खात्री झाली. काठी कानात घालून तो ताटकळायचा आणि टाकी बोलायचीच नाही. माल आत टाकून कितीतरी वेळ झालेला, वरचे दोघं जांभया देतायत, आणि आत सगळं सामसूम. अखेर कंटाळून तो बोट खाली करायचा. वर आलेल्या मालावर कधी काळपट राख बसलेली असायची, पण ती राख आपल्याला काय सांगतेय याकडे त्यानं पाहिलं नाही. कान ज्याचा देव, तो डोळ्यांना कशाला विचारेल.

"वकिला, अ‍ॅसिडमध्ये दम नाही तुझ्या."

"हं."

"हं काय? पाण्याला बसवलंयस की काय टाकीत?"

वकिलानं त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि बशीत चहा ओतला.

पुढे तर माल फारच रेंगाळायला लागला. साखळीवरचे दोघं टोमणे मारू लागले. "कानसेन, टाकीला झोप लागली असेल तर अंगाई म्हणू का?" ते हसले आणि कानसेनला ते झोंबलं. इतकी वर्षं ज्यांना तो हात वर करून गप्प करत होता, ती माणसं आता त्याच्याच तोंडावर हसत होती. आणि नेमक्या त्याच आठवड्यात मालकांनी एका नव्या गिऱ्हाइकाला त्याच्या टाकीपाशी आणलं. दरवाजे आपोआप मिटवणाऱ्या स्प्रिंगा बनवणारी कंपनी, मोठं काम. कानसेननं हात वर केला. शेड गप्प झाली. गप्पच राहिली. गिऱ्हाइकानं एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा छपराकडे, मग रुमाल काढून नाकाला लावला आणि म्हणाला, "मी बाहेर थांबतो."

तो गेल्यावर मालक हळू आवाजात म्हणाले, "काय झालं हो?"

कानसेन म्हणू शकला असता, माहीत नाही. तो म्हणाला, "अ‍ॅसिडमध्ये पाणी आहे. वकिलाला विचारा."

मालकांनी टाकीतलं अ‍ॅसिड काचेच्या पेल्यात घेतलं, त्यात स्वच्छ खिळा टाकला. बुडबुडे निघाले, पण म्हाताऱ्यानं जिना चढावा तसे. शेजारी डब्यातल्या चोख अ‍ॅसिडचा पेला ठेवला, त्यातल्या खिळ्याभोवती नुसती झुंबड. आता शंकेला जागा कुठे? वकिलाला बोलावलं. तो हात पुसत आला.

"पाणी जास्त घातलंस?"

"हो."

"का?"

वकील कानसेनकडे पाहत राहिला. कानसेनला वाटलं, हा गयावया करतोय. त्यानं मान वळवली.

"उरलेलं अ‍ॅसिड बाहेर विकलंस," मालक म्हणाले. तो प्रश्न नव्हता.

"नाही."

"मग कुठे गेलं?"

वकील पुढे बोलला नाही. आयुष्यभर जो कमी बोलला, त्याचं गप्प बसणं त्या दिवशी गुन्ह्याची कबुली ठरलं. संध्याकाळी त्यानं आपले रबरी बूट धुऊन भिंतीशी नीट उभे करून ठेवले आणि डबा घेऊन निघून गेला. कानसेनच्या मनात आलं, फाटकापर्यंत जावं. पण वरचे दोघं पाहत होते. त्यानं काठी पुसायला घेतली.

वकिलाच्या जागी दुसऱ्या शेडमधला माणूस आला. तो कागदावर लिहिलंय तेवढंच पाणी घालायचा, थेंबही जास्त नाही. स्प्रिंगांचं काम सुरू झालं. दोन-चार दिवस कानसेनला चुर्र ऐकूही आलं, किंवा ऐकू आलं असं त्यानं ठरवलं. मग तो अंदाजानंच बोट खाली करू लागला. अंदाज मात्र पातळ अ‍ॅसिडच्या काळातला, हाताला पडलेल्या सवयीचा. साखळीवरचे आता हसत नव्हते. मालकही खूश होते. स्प्रिंगा जस्त लेऊन अशा चमकत निघाल्या की नवरीनं लाजावं.

आणि मोडायला लागल्या. जस्ताच्या भट्टीतून निघताना नाही, गाडीत चढवताना नाही. दारावर बसवल्यावर, ताण पडल्यावर, एका रात्रीनं, दोन दिवसांनी, कोणी हात न लावता. कडक पोलादाची ही खोड आहे. त्याला अ‍ॅसिडमध्ये नको तितकं ठेवलं की जो वायू बुडबुड्यांतून बाहेर पडायचा, त्यातला थोडा पोलादाच्या अंगात शिरून बसतो. वरून काही दिसत नाही. आतून ते काचेसारखं ठिसूळ झालेलं असतं, आणि आपली वेळ साधून तुटतं. एका दुकानाच्या दारावरची स्प्रिंग तुटून दाराशी उभ्या असलेल्या माणसाचा गाल फाटला. डोळा वाचला, म्हणे.

मालक कंपनीत जाऊन आले. पंखा बंद नसतानाही शेड चिडीचूप होती.

"मी त्यांना सांगितलं," मालक म्हणाले, "आमचा जुना माणूस अ‍ॅसिडमध्ये भेसळ करत होता, त्याचा हा परिणाम. त्याला काढून टाकलाय. त्यांना पटलं. काम टिकलं आपलं."

कानसेननं मान हलवली. पण वकिलाच्या पाणी घातलेल्या अ‍ॅसिडमधून आधीच्या गिऱ्हाइकांच्या स्प्रिंगा शाबूत गेल्या होत्या. वकील गेल्यानंतरच्याच तुटत होत्या. हा हिशोब त्याच्या डोक्यात शिरला आणि तिथून हलेना. घरी आला तेव्हा पोटात आग पेटली होती. जेवण गेलं नाही.

"झालं, घेतलं वाटतं अ‍ॅसिड घरीपण," बायको म्हणाली. तिनं पेल्यात पाणी घेतलं, पोटाच्या जळजळीची पांढरी गोळी त्यात टाकली आणि पेला त्याच्यासमोर ठेवला.

त्यानं पेल्याकडे पाहिलं. "शिळी आहे गोळी."

"कालच आणली."

"मग आवाज कसा नाही?"

"अहो, केवढी फसफसतेय ती. मला चुलीपाशी ऐकू येतंय."

त्यानं पेला उचलला. गोळी पाण्यात गरगर फिरत होती, बुडबुड्यांचा खांब वर चढत होता, तुषार उडून त्याच्या बोटांना लागत होते. त्यानं पेला उजव्या कानाला लावला. मग डाव्या. आतमध्ये एक सबंध जत्रा उठली होती आणि तिच्यात एकाही माणसाला आवाज नव्हता.

बायकोचं बोलणं त्याला ऐकू येत होतं. भांडी ऐकू येत होती, रस्त्यावरची गाडी ऐकू येत होती. म्हणूनच तर त्याला कधी शंका आली नव्हती. म्हातारपणानं कानातलं सगळं नेलं नव्हतं. तेवढं बारीक, वरच्या पट्टीतलं उचललं होतं, आणि त्याचं सगळं आयुष्य नेमकं त्याच बारकाव्यात होतं.

"पिताय ना?" बायको म्हणाली. "नुसतं कानाला लावून पोट थांबायचं नाही."

त्यानं गोळी विरघळेपर्यंत पाहिलं आणि ते पाणी एका दमात प्यालं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. तो वकिलाच्या घरी गेला. चाळीच्या टोकाची खोली, खिडकीच्या फळीवर काचेच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या, त्यांत व्हिनेगर आणि त्यात गंजलेली कुलपं, किल्ल्या, कात्र्या. वकील हल्ली हेच करायचा. लोकांची अडकलेली कुलपं भिजत घालायची, गंज सुटला की घासून तेल द्यायचं. व्हिनेगर गरीब अ‍ॅसिड, त्याला घाई नसते. वकिलाच्या बायकोनं दार उघडलं, पाहिलं, आणि "या भाऊजी" म्हणाली नाही. "आहेत आत," एवढंच म्हणाली आणि पाण्याचा तांब्या असा आपटून ठेवला की पाणी सांडलं.

कानसेन बसला. वकील एका कुलपाला दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासत होता.

"मला बुडबुडे ऐकू येत नाहीत," कानसेन म्हणाला.

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"हवेच्या पाइपला भोक पडलं होतं." वकिलानं ब्रश झटकला. "दिवसभर सूं सूं करत होता. शेडमधल्या सगळ्यांचं डोकं उठलं. तू त्याला पाठ टेकून चहा प्यालास."

कानसेनला तो चहा आठवला. चांगला झाला होता.

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? बहिरा झालास, काठी ठेव? तू ठेवली असतीस?"

कानसेननं सांडलेलं पाणी पायानं बाजूला सारलं.

"माल जळत होता तुझा. काळी राख यायची. मालकाच्या लक्षात आलं असतं तर तू घरी. म्हणून पाणी वाढवलं." वकील एवढं सलग बोलला की त्याचं त्यालाच जड झालं. तो थांबला, मग म्हणाला, "पातळ अ‍ॅसिडला दात कमी. तू उशीर केलास तरी लोखंडाचं फार काही जायचं नाही. चाललं असतं तसंच, तू निवृत्त होईपर्यंत."

"म्हणजे तू खरंच पाणी..."

"तेच विचारलं ना मालकानं? मी हो म्हणालो."

"आणि उरलेलं अ‍ॅसिड?"

"जुन्या भट्टीमागे. ताडपत्रीखाली. सगळे डबे भरलेले आहेत, सील मोडलेलं नाही." त्यानं कुलपात किल्ली घालून पाहिली. फिरली नाही. "मालकानं 'का' विचारलं तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलं. वाटलं, हा तरी एकदा विचारेल. बाजूला घेऊन. इतक्या वर्षांत तुझी एवढी बडबड ऐकली, तू एक प्रश्न विचारायचा होतास."

आतून वकिलाच्या बायकोचा आवाज आला, मुद्दाम मोठा. "रस्त्यानं जाताना लोक चोर म्हणतात हो आता. त्यांना सांगा, त्यांचे कान शाबूत असतील तर ऐकू येईल."

कानसेन उठला. दारात वळून म्हणाला, "उद्या मालकांना सांगतो सगळं."

वकिलानं कुलूप परत बरणीत सोडलं.

उद्या उजाडला तसा तो सरळ जुन्या भट्टीमागे गेला. ताडपत्री ओढली. डबे होते, धुळीनं माखलेले, एकाचंही झाकण हललेलं नव्हतं. त्यानं मालकांना हाताला धरून तिथं आणलं. आयुष्यात त्यानं मालकांच्या अंगाला पहिल्यांदा हात लावला.

"त्यानं थेंबही विकला नाही. माझे कान गेलेत मालक. त्यानं मला झाकायला पाणी घातलं. स्प्रिंगा माझ्यामुळे तुटल्या. त्याला परत बोलवा. कंपनीला खरं सांगा."

मालकांनी डबे मोजले नाहीत, पण पायानं एकेकाला हलवून भरलेला आहे याची खात्री केली.

"बरं झालं," ते म्हणाले. "या महिन्यात अ‍ॅसिड मागवायला नको."

"मालक, आणि वकील?"

"कानसेन, तुम्ही शहाणे आहात." मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी खांद्यावर हात ठेवला, आवाजही मऊ होता. "कंपनीला मी सांगून बसलोय, गडबड करणारा गेला. आता जाऊन सांगू, की गडबड करणारा अजून टाकीपाशी उभा आहे, आणि त्याला कानानं कमी ऐकू येतं? काम जाईल. इतक्या लोकांचं पोट आहे. आणि पाणी त्यानं घातलं होतंच ना, मला न विचारता? मग मी खोटं काय बोललो?"

कानसेन डब्यांकडे पाहत होता. सगळं खरं होतं, आणि सगळं मिळून धडधडीत खोटं होतं.

"तुम्हीही आता आराम करा," मालक म्हणाले. "नवा माणूस घड्याळ लावून माल काढतो म्हणतोय. बघू जमतंय का."

जमलं. घड्याळ भिंतीवर लागलं, वेळ झाली की घंटी वाजायची. कानसेन आपला डबा आणि काठी घेऊन निघाला तेव्हा ती वाजली असावी, कारण साखळीवरचे दोघं एकदम हलले. त्याला ऐकू आली नाही. जाळी वर आली. माल स्वच्छ होता. डाव्या हाताची बोटं त्याच्या नकळत वर उठली होती, ती त्यानं खिशात घातली.

फाटकातून तो घरी गेला नाही. वकिलाच्या खोलीत जाऊन बसला. वहिनींनी आज पाणी आणलं नाही. मालक काय म्हणाले ते त्यानं सांगितलं, एकही शब्द न गाळता, अगदी महिन्याचं अ‍ॅसिड वाचलं तेही. वकील ऐकत होता. त्याच्या मनगटातलं कडं परत काळवंडलं होतं.

"मी रस्त्यात उभा राहून सांगेन," कानसेन म्हणाला. "दारोदार जाऊन सांगेन. ऐकतील लोक?"

वकिलानं बरणीतून कुलूप काढलं, पुसलं, किल्ली घातली आणि जोर लावला. या वेळी कुलूप उघडलं. ते त्यानं खिडकीत ठेवलं आणि पुढची बरणी ओढली. त्याची पाठ आता कानसेनकडे होती. त्याचे खांदे जरा हलले, जसे बोलताना हलतात.

तो काही बोलला की गप्पच राहिला, हे कानसेनला कळलं नाही. काय म्हणालास, असं विचारायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण ज्याला विचारायचं तेव्हा विचारलं नाही, त्याला आता कोणत्या तोंडानं विचारणार? तो मान खाली घालून बरण्यांकडे पाहत बसला. एका बरणीत, गंज सुटलेल्या एका किल्लीच्या कडेनं, बारीक बुडबुडे वर येत होते.